विहिरीच्या पाण्यात खडक किती?

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरची कॉइल बाहेर काढली की तिच्यावर पांढरट, खडबडीत थर दिसतो. त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतात. घरोघरी त्याला 'क्षार' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. खरं तर तो चुना आहे, कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं कॅल्शियम बहुतेक आपल्याच काळ्या खडकातून आलेलं असतं. लिंबाने जो वायू सुटला तो कार्बन डायऑक्साइड कधीतरी हवेत होता. पावसाबरोबर तो मातीत उतरला, खडकाला भिडला, पाण्यात विरघळून विहिरीपर्यंत आला आणि कॉइलच्या उष्णतेने पुन्हा घट्ट झाला.

याच पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ठिबकच्या नळ्या बुजतात. गावाकडे याला जड पाणी म्हणतात. ते जड का झालं याचं उत्तर बोअरच्या खोलीत किंवा मोटरच्या कंपनीत शोधू नका. ते खडक कसा कुजतो यात आहे. पाण्याचा अहवाल हा त्या कुजण्याचा जमाखर्च असतो आणि तो वाचायला फार रसायनशास्त्र लागत नाही. भागाकार आला पाहिजे.

आधी जमेची बाजू. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग दख्खनच्या बेसॉल्टवर उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, तोच हा काळा पाषाण. वजनाने त्यात जवळजवळ निम्मी सिलिका, दहा टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम ऑक्साइड, पाच ते सात टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड, दोन-तीन टक्के सोडियम ऑक्साइड आणि भरपूर लोह. पोटॅशियम अगदी थोडं. क्लोराइड नगण्य. नायट्रेट तर नाहीच. शेवटच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

पावसाचं स्वच्छ पाणी मुळातच किंचित आम्ल असतं, पीएच ५.६ च्या आसपास, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. पण खडकाला खरा चावा बसतो तो मातीत. हवेत या वायूचं प्रमाण ०.०४ टक्के. मुळं आणि जिवाणू श्वास घेत असलेल्या मातीच्या पोकळ्यांत ते एक-दोन टक्क्यांवरही जातं. त्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्याचा पीएच पाचच्या खाली उतरतो. हे सौम्य आम्ल प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन या खनिजांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवून घेतं आणि स्वतः बायकार्बोनेट बनतं. थोडी सिलिकाही पाण्यात जाते. मागे उरतात ॲल्युमिनियम, लोह आणि उरलेली सिलिका. त्यांची माती होते. लाव्हातली काच आणि ऑलिव्हिन सर्वांत आधी जातात, मग प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन. लोहाची काळी ऑक्साइडं सर्वांत शेवटी.

हे डोळ्यांनी पाहायचं तर घाटरस्त्याची कापलेली बाजू बघा. मुरमात गोल गोल गुंडे बसलेले दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. मूळ खडकाला चौकोनी भेगा होत्या. पाणी भेगांतून शिरलं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला तीन बाजूंनी चावा बसतो, कडेला दोन, सपाट अंगाला एकाच. म्हणून कोपरे आधी गेले आणि ठोकळा गोल झाला. गुंडा म्हणजे न कुजलेला खडक, भोवतीचा मुरूम म्हणजे कुजलेला, आणि दोघांमधला फरक म्हणजे तुमच्या विहिरीतलं पाणी. मुरमाखालचा सच्छिद्र, गारगोट्यांच्या गाठींचा थर विहीर खोदणाऱ्यांना चांगलाच माहीत असतो. पाणी तिथे साठतं. त्या गाठींत झिओलाइट आणि कॅल्साइट भरलेलं असतं, आणि ही दोन खनिजं पाण्याची चव बदलायला पुरेशी आहेत.

आता अहवालाकडे. पण त्याआधी नमुना, कारण निम्मे अहवाल नमुना घेतानाच बिघडतात.

बोअरचं पाणी पहिल्या बादलीत घेऊ नका. ते केसिंगमध्ये उभं राहिलेलं शिळं पाणी असतं. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये एका मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी मावतं. बोअर ६० मीटर आणि पाणी १५ मीटरवर असेल, तर ४५ मीटरचा स्तंभ, म्हणजे साधारण ८०० लिटर. हा साठा तीन वेळा बदलायचा तर २४०० लिटर उपसावे लागतात. सेकंदाला एक लिटर देणारी मोटर चाळीस मिनिटं चालवा. एवढं पाणी वाया घालवायचं नसेल तर ते झाडांना सोडा आणि मधून मधून ईसी (विद्युतवाहकता) मीटर लावा. पाच-पाच मिनिटांनी घेतलेले तीन आकडे सारखे आले की नमुना भरा.

प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळायची आणि गळ्यापर्यंत भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. तापमान, पीएच आणि ईसी जागेवरच मोजायचं. याला आळस चालत नाही. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दबून असतो. बाटलीत जागा मिळाली की तो बाहेर पडतो, पीएच वर सरकतो आणि कॅल्शियम चुना होऊन बाटलीच्या तळाशी बसतं. आठवड्याने प्रयोगशाळेत पोचलेल्या त्या पाण्याचा अहवाल वाचला तर पाणी प्रत्यक्षापेक्षा हलकं वाटतं. लोह हवं असेल तर दुसरी छोटी बाटली घ्या, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून आणि नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेऊन. नाहीतर लोह तांबडं होऊन बाटलीलाच चिकटतं आणि अहवालात शून्याच्या जवळ येतं.

अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल मारण्याची ताकद, जागेवर मोजणं सोपं आहे. ५० मिलिलिटर पाणी, दोन थेंब मिथिल ऑरेंज, ब्युरेटमध्ये ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. पिवळा रंग नारिंगी व्हायला लागला की थांबायचं. लागलेले मिलिलिटर गुणिले २० म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत अल्कता. १२ मिलिलिटर लागले तर २४०. तिला १.२२ ने गुणा, बायकार्बोनेट मिळतं: २९३. काही प्रयोगशाळा अहवालात २४० लिहितात, काही २९३, आणि शीर्षकात दोघीही 'अल्कलिनिटी'च छापतात. कोणता आकडा आहे हे फोन करून विचारा. नायट्रेटचंही तसंच. 'नायट्रोजन म्हणून' दिलं असेल तर ४.४३ ने गुणल्यावरच ते नायट्रेट होतं आणि ४५ च्या मर्यादेशी ताडता येतं.

समजा बेसॉल्टमधल्या एका उघड्या विहिरीचा अहवाल असा आहे. आकडे हिशेब दाखवण्यासाठी घेतलेत, पण पठारावर असं पाणी नेहमी मिळतं. सगळे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये:

कॅल्शियम ५२, मॅग्नेशियम २९, सोडियम ३५, पोटॅशियम १
बायकार्बोनेट २९३, क्लोराइड ३२, सल्फेट १४, नायट्रेट २०
सिलिका ४५

मिलिग्रॅममध्ये तुलना करणं म्हणजे किलोभर कांदे आणि किलोभर लसूण यांचे नग सारखेच धरल्यासारखं आहे. प्रत्येक आयनाचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या भारित कणाचं, वजन वेगळं, भार वेगळा. म्हणून आधी भागाकार. कॅल्शियमला २०.०४, मॅग्नेशियमला १२.१५, सोडियमला २३, पोटॅशियमला ३९.१, बायकार्बोनेटला ६१, क्लोराइडला ३५.४५, सल्फेटला ४८, नायट्रेटला ६२. जे येतं ते एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट) प्रति लिटर, म्हणजे भाराचं मोजमाप. धन भाराची बाजू, म्हणजे अहवालातली पहिली ओळ: २.५९, २.३९, १.५२, ०.०३, बेरीज ६.५३. ऋण बाजू: ४.८०, ०.९०, ०.२९, ०.३२, बेरीज ६.३१. फरक ०.२२. दोन्ही बेरजांच्या बेरजेने, म्हणजे १२.८४ ने भागा: १.७ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असेल तर अहवाल विश्वासाचा. दहाच्या पुढे गेला तर तो अहवाल रद्दी. आणि फरक नेमका शून्य आला तर हुरळून जाऊ नका. सोडियम मोजायला फ्लेम फोटोमीटर लागतो. तो नसेल तर काही ठिकाणी बाकीच्यांच्या वजाबाकीतून सोडियम 'काढतात' आणि मग ताळा जुळणारच.

आता वाचूया. धन बाजूला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून ४.९८, म्हणजे तीन चतुर्थांश. ऋण बाजूला तेवढाच वाटा बायकार्बोनेटचा. बेसॉल्टची ही सही आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ सारखे असणं हीदेखील बेसॉल्टचीच खूण. शुद्ध चुनखडकात कॅल्शियम खूप पुढे असतं. ४.९८ ला ५० ने गुणलं की एकूण कठीणपणा, म्हणजेच पाण्याचा जडपणा मिळतो, २४९. भारतीय मानक १०५०० नुसार २०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. डाळ मात्र मानकाचं ऐकत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला बांधून ठेवतात, म्हणून चिमूटभर सोडा घालावा लागतो.

क्लोराइड ०.९०, सोडियम १.५२. क्लोराइड खडकातून येत नाही. ते समुद्री वाऱ्यातून, बाष्पीभवनाने आटलेल्या मातीतून किंवा माणसांकडून येतं. त्याच्या जोडीचं सोडियम वजा केलं तर ०.६२ उरतं. हे खडकाचं सोडियम.

सिलिकेकडे फारसं कुणी बघत नाही आणि नेहमीच्या तपासणीत ती नसतेही. मागून घ्या. ४५ भागिले ६०.१ म्हणजे ०.७५ मिलिमोल. बायकार्बोनेट ४.८० ला ०.७५ ने भागा: ६.४. हा भागाकार ५ च्या खाली असेल तर पाणी जवळपास सगळं सिलिकेट खडकातून आलंय. १० च्या वर असेल तर चुन्याचा हात मोठा. ६.४ म्हणजे मिश्र. चुना कुठून आला? काळ्या मातीतल्या खड्यांतून. उन्हाळ्यात मातीतलं पाणी आटतं, खडकातून सुटलेलं कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन बसतं आणि पुढच्या पावसात ते पुन्हा विरघळतं. सिलिकेटला विरघळायला जो वेळ लागतो त्याच्या अंशातच चुना विरघळतो. म्हणून मातीत चुनखडी थोडी असली तरी पाण्यातला तिचा वाटा फुगलेला दिसतो. फक्त सिलिकाही मातीतल्या चिकणमातीत परत अडकते, त्यामुळे या भागाकाराला तोळामाशाचा काटा समजू नका. दिशा कळते, एवढंच.

थोडं विषयांतर. हे सगळं बायकार्बोनेट सिलिकेटमधून आलं असतं, तर या पाण्याच्या हजार लिटरच्या टाकीत सुमारे २१० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेतून बांधलेला असता. चुन्याचा वाटा असेल तर कमी, कारण चुन्यातून येणाऱ्या बायकार्बोनेटमधला निम्मा कार्बन जुनाच असतो. जमिनीवर बेसॉल्ट थोडा, पण हवेतून कार्बन ओढण्यात त्याचा वाटा मोठा, असं म्हणतात ते याच हिशेबावर. हल्ली शेतात बेसॉल्टची भुकटी पसरून कार्बन क्रेडिट मिळवायच्या गोष्टी चालतात. त्यात आकडे खरे की खोटे हे शेवटी पाण्यातल्या अल्कतेवरूनच ठरतं, भुकटीच्या ट्रकांवरून नाही.

नायट्रेट २० आहे, मर्यादेच्या आत. पण ते एक मिलिग्रॅमही खडकाचं नाही. गोठा, सेप्टिक टँक किंवा युरिया. क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही हातात हात घालून वाढत असतील आणि पोटॅशियमही वर सरकत असेल, तर आधी विहिरीपासून शौचालयाचं अंतर मोजा. नुसतं नायट्रेट वाढलं तर खताकडे बघा. पाऊस पडल्यावर कठीणपणा उतरतो आणि नायट्रेट मात्र चढतं, कारण पहिला पाऊस मातीत साठलेलं सगळं एकदम खाली ढकलतो. म्हणून वर्षातून एकच तपासणी परवडणार असेल तर ती मे महिन्यात करू नका असं माझं मत आहे. मे आणि ऑक्टोबर अशा दोन केल्या तरच चित्र पूर्ण होतं.

या पाण्याला आरओ लागतं का? एकूण विरघळलेले पदार्थ साधारण ३७०. नाही लागत. दारात येणारा विक्रेता ग्लासात दोन कांड्यांचं यंत्र बुडवून पाणी काळं-तांबडं करून दाखवतो, तो पाण्यातला कचरा नसतो. कांडी लोखंडाची असते, वीज सोडली की तीच विरघळते. आरओच्या पाण्यात आयन नाहीत म्हणून वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र पुन्हा लावायला सांगा.

खोल बोअरचं हलकं पाणी

आता त्याच शेतातल्या अडीचशे फुटी बोअरचा अहवाल समजा असा आला: कॅल्शियम १०, मॅग्नेशियम ६, सोडियम १६०, बायकार्बोनेट ३८०, क्लोराइड ४०, सल्फेट २०, पीएच ८.४. कठीणपणा फक्त ५०. साबणाला फेस, डाळ मऊ, गीझर स्वच्छ. घरातले खूश. आणि दोन वर्षांनी शेतकरी म्हणतो, जमीन चोपण झाली.

खोलवर पाणी वर्षानुवर्षं खडकात अडकून राहतं. आधी बायकार्बोनेट वाढत जातं. एका टप्प्यावर कॅल्शियमची विरघळायची मर्यादा संपते आणि ते भेगांत कॅल्साइट होऊन बसतं. उरलेलं कॅल्शियम झिओलाइट आणि चिकणमाती ओढून घेतात, बदल्यात सोडियम सोडतात. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रात जे होतं तेच इथे खडकात फुकट होतं. दोष फक्त हा की असलं पाणी पिकाला नको असतं.

हिशेब: बायकार्बोनेट ६.२३ एमईक्यू, कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ०.९९. वजाबाकी ५.२४. याला आरएससी म्हणतात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम संपल्यावर उरणारं सोडियम कार्बोनेट. १.२५ पर्यंत निर्धास्त, २.५ च्या पुढे नको. पहिल्या विहिरीचा आरएससी उणे ०.१८ होता. एसएआर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचा जोर, इथे ९.९, तिथे ०.९६. हे पाणी काळ्या रानात सोडलं की मातीतलं कॅल्शियम चुना होऊन बसतं, त्याची जागा सोडियम घेतं, चिकणमातीचे कण सुटे होतात आणि पाणी मुरायचं बंद होतं. वर पांढरी-काळपट खपली धरते.

उपाय जिप्सम. १ एमईक्यूसाठी हजार लिटरला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. आरएससी ५.२४ वरून २.५ वर आणायचा तर हजार लिटरला २३६ ग्रॅम. एका एकराला पाच सेंटिमीटरचं पाणी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर, म्हणजे ४८ किलो शुद्ध जिप्सम. बाजारातलं ७० टक्के शुद्धतेचं असेल तर ६८ किलो, तेही प्रत्येक पाळीला. ते पाण्याच्या वाटेवर हौदात ठेवायचं किंवा जमिनीत मिसळायचं. ठिबकच्या टाकीत ओतलं तर नळ्या त्याच दिवशी बुजतात. विहिरीचं जड पाणी आणि बोअरचं हे पाणी एकत्र करून दिलं तर बराच प्रश्न फुकटात सुटतो, आणि हे फारसं कुणी करून बघत नाही.

एकच खडक, दोन पाणी

महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून पूर्वेला काही तासांच्या अंतरावर पाचशे-सहाशे. खडक तोच. घाटमाथ्यावर उगमाजवळ कृष्णेचं, कोयनेचं पाणी अगदी पातळ असतं: पाऊस इतका की विरघळलेलं वाहून जातं, आणि खडकाशी बसून बोलायला पाण्याला सवडच मिळत नाही. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, मातीत चुना, काठावर शहरं आणि ऊस. म्हणून तिथे सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट सगळंच वर. नदीतला एकूण आकडा मोठा म्हणजे तिथे खडक जास्त झिजतो असा निष्कर्ष काढू नका. दर वर्षी वाहून जाणारं प्रमाण हवं असेल तर आकड्याला प्रवाहाने गुणायला हवं, आणि तो गुणाकार केला की पातळ पाण्याचा घाटमाथाही चांगलाच पुढे येतो.

कोकणात याची दुसरी टोकाची अवस्था आहे. तिथे पावसाने बेसॉल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम तर नेलंच, सिलिकाही बरीचशी नेली. उरला जांभा: लोह आणि ॲल्युमिनियम. विरघळण्यासारखं काही शिल्लकच नाही. म्हणून जांभ्यातल्या विहिरीचं पाणी गोड, हलकं, आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड तसाच घेऊन आलेलं. पीएच सहाच्या आसपास किंवा खालीही. पठारावर खडकाने जे आम्ल मारलं असतं, ते इथे तुमची पाइपलाइन मारतं. जीआय पाइप आतून खाल्ला जातो, पितळी नळाखाली बेसिनमध्ये हिरवट-निळा डाग पडतो, सकाळच्या पहिल्या तांब्यात गंजाची चव येते. पाइप बदलून काही होत नाही, नवाही तसाच जातो. पाणी उंचावरून फवारत टाकीत पाडा, म्हणजे वायू निघून जाईल, आणि संगमरवराच्या किंवा चुनखडकाच्या बोराएवढ्या चुरीतून ते सावकाश जाऊ द्या. चुरी विरघळते तसं आम्ल मरतं. वर्षा-दोन वर्षांनी चुरी घालावी लागते. दिवसाला किती किलो कमी झाली यावरून पाण्याचा स्वभाव कळतो.

किनाऱ्याजवळच्या विहिरीत क्लोराइड वाढलं तर समुद्र आत शिरला का हे सोडियम भागिले क्लोराइड, एमईक्यूमध्ये, यावरून बघतात. समुद्राच्या पाण्यात ते ०.८६ आहे. तुमच्याकडे त्याहून कमी आणि कॅल्शियम वाढलेलं असेल, तर समुद्राचं पाणी नुकतंच आत येतंय: मातीने त्याचं सोडियम धरून कॅल्शियम सोडलंय. उपसा तेव्हाच कमी करायचा, चव खारट लागेपर्यंत थांबायचं नाही.

बेसॉल्ट संपतो तिथे

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात बेसॉल्टचं पांघरूण विरळ होतं आणि खालचे जुने ग्रॅनाइट, पट्टिताश्म, चुनखडक वर येतात. ग्रॅनाइटमध्ये फ्लोराइट, ॲपेटाइट आणि काळा अभ्रक असतो. फ्लोराइड तिथून येतं. पण खडकात फ्लोराइड आहे म्हणून पाण्यात येईलच असं नाही. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जुळून फ्लोराइट म्हणून खाली बसतं. कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त झालं की फ्लोराइडला मोकळं रान मिळतं. म्हणजे खोल बोअरचं ते 'छान हलकं' पाणी या भागात दातांना पिवळे पट्टे आणतं, पुढे हाडांना.

गावातली उथळ विहीर जड पाण्याची म्हणून बंद केली आणि खोल बोअर घेतली, की लोक नकळत फ्लोराइडकडे सरकतात. मर्यादा १.०, दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, आटल्यामुळे उलट वाढतं. तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाची गाळणीही चालते, पण तिची ताकद संपल्यावर पाण्याचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. गाळलेल्या पाण्याची तपासणी ठरलेल्या तारखांना करत राहणं हाच तिचा अर्धा खर्च आहे. त्यापेक्षा उथळ, जड पाण्याची जुनी विहीर साफ करून पिण्यापुरती वापरणं पुष्कळदा बरं. नायट्रेट आणि जंतू तपासून मगच.

लोणार

पाणी बाहेर जाऊ दिलंच नाही तर काय होतं, हे बघायला बुलढाण्यात लोणार आहे. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, तळाशी सरोवर. काठावरचे झरे गोडे. गोमुखाच्या धारेचं पाणी लोक पितात. तेच गोडं पाणी खाली सरोवरात जातं, आणि सरोवराचा पीएच १० च्या आसपास.

वरची विहीर आठवा. बायकार्बोनेट ४.८०, कॅल्शियम-मॅग्नेशियम ४.९८. जवळजवळ बरोबरीत. अशा पाण्यात कॅल्शियम थोडं जास्त असेल तर आटताना बायकार्बोनेट आधी संपतं आणि शेवटी खारं पाणी उरतं. बायकार्बोनेट थोडं जास्त असेल तर कॅल्शियम आधी संपतं, आणि मग उरलेल्या बायकार्बोनेटला अडवणारं कुणी नसतं. सोडियमबरोबर ते आटत जातं, त्याचं कार्बोनेट होतं, पीएच चढत जातो. सुरुवातीचा फरक एमईक्यूच्या पहिल्या दशांशातला, शेवटचा फरक खारं तळं की सोड्याचं तळं एवढा. लोणार सोड्याच्या बाजूला पडलं. आत क्लोराइडही भरपूर साचलंय, कारण ते बाहेर पडायला दुसरी वाटच नाही. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पाणी आटून क्षार वाढले की त्यांना जोर येतो.

पूर्वी उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की लोक काठावरून हा सोडा काढायचे. त्याच्या प्रतवाऱ्या होत्या: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. साबणाला आणि काचेला तो जायचा. रसायन जवळपास तेच, जड पाण्यातली डाळ शिजावी म्हणून चिमटीने टाकतात त्या खाराचं.